बॉनेट उघडा, खरी गाडी तिथं आहे!

दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकातल्या गर्दीत तुम्ही एकदा तरी उभे राहिला असालच. सोनं लुटायच्या आधी सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात, कारण ‘मेबॅक’ येणार असते. छत्रपती राजाराम महाराजांची ही भगव्या रंगाची गाडी म्हणजे जर्मनीच्या मेबॅक कंपनीची १९३०च्या दशकातली ‘एसडब्ल्यू ३८’. झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवण्यापासून या कंपनीनं सुरुवात केली. पुढे १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत तिनं सगळी मॉडेलं मिळून जेमतेम अठराशेच्या आसपास मोटारी बनवल्या. त्यातली एक आपल्या कोल्हापुरात आहे. दसऱ्याला ती दिसली की अख्खा चौक मोबाईल वर करतो.

सगळे फोटो बाहेरून काढलेले असतात. दिवे, चाकं, तो लांबलचक पुढचा भाग. त्या लांब बॉनेटखाली ओळीत सहा सिलिंडरचं ३.८ लिटरचं इंजिन असतं, हे किती जणांना माहीत असतं? नव्वदीच्या घरातली गाडी चौकात येते, ती काही फक्त पॉलिशच्या जोरावर नाही. बॉनेटखाली कुणीतरी वर्षानुवर्षं हात काळे करत असतं, म्हणून ती येते.

आता चौकातून घराकडे या. मेबॅक काही आपल्याकडं नाही. पण आजोबांची पद्मिनी असते. मामाच्या गावाला शेडमध्ये धूळ खात पडलेली अँबॅसिडर असते. ‘एकदा बघूया की करून’ असं दर दिवाळीला म्हणत घरातले पुन्हा तिच्यावर ताडपत्री टाकतात. यंदा ती ताडपत्री तुम्ही काढणार असाल, तर सुरुवात कुठून करायची? बाहेरच्या रंगापासून मुळीच नाही. सुरुवात बॉनेटखालून करायची. हे काम नीट करायला काय लागतं, आणि त्यातला रंग हा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग का आहे, तेच आज बघूया.

ही घाई आत्ताच का?

पद्मिनीचंच उदाहरण घ्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तिलाच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगजवळ. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. म्हणजे आता ज्या उरल्यात त्या घराघरांतल्या. त्यातली एक भंगारात गेली की तेवढी कमी झाली.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली होती. त्यामुळं ‘चालत नाही तर ठेवायची कशाला’ हा प्रश्न घरात जोरात विचारला जातो.

पण त्याच सुमारास आणखी एक नियम आला. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. अशी गाडी रोज कॉलेजला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. आणि मुख्य अट म्हणजे गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडीचा सांगाडा, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

हिशेब करा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीची झाली. अशा गाडीच्या बॉनेटखाली तुम्ही काय करता, काय काढून टाकता आणि काय घासून पुसून टाकता, यावर तिचं ‘मूळ स्वरूप’ ठरणार आहे. हौसेपोटी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलंत तर परतीचा रस्ता बंद.

पान्ह्याआधी मोबाईल

पहिल्या दिवशी एकही नट खोलायचा नाही. फक्त फोटो काढायचे, आणि भरपूर काढायचे. वरून, दोन्ही बाजूंनी, खालून. प्रत्येक वायर कुठून निघते, कशाच्या खालून जाते आणि कुठं जोडली जाते ते दिसायला हवं. रबरी नळ्यांचं तोंड कुठं, क्लिप कोणत्या बाजूला, वॉशर किती, सगळं. तीन महिन्यांनी जोडणी करताना तुमची आठवण कामाला येणार नाही, हे फोटो येतील.

मग खोलायला घ्या. किराणा दुकानात मिळतात तसल्या छोट्या प्लॅस्टिक पिशव्या आणा. एका भागाचे नट-बोल्ट एका पिशवीत, वर चिठ्ठी: ‘रेडिएटर, डावी बाजू, ४ बोल्ट’. वायरींना चिकटपट्टी लावून नंबर टाका. स्पार्क प्लगच्या वायरींना तर नक्कीच. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी पडायचा क्रम बहुतेक वेळा १-३-४-२ असतो, काही इंजिनांत १-२-४-३. वायरींची अदलाबदल झाली की इंजिन खोकतं, आणि घरातले लगेच म्हणतात, ‘बघ, बिघडवलंस!’

सगळ्यात आधी बॅटरी सोडवायची. तीही अर्थची वायर आधी काढून, म्हणजे पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. रेडिएटरमधलं पाणी गटारात सोडू नका. त्यात कूलंट असेल तर ते विषारी असतं आणि चवीला गोड, गल्लीतली कुत्री ते चाटतात. जुनं ऑइल तर अजिबात नाही. आपल्याकडं गटारातलं जयंती नाल्यात जातं आणि नाल्यातलं पंचगंगेत. ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

इंजिन बाहेर काढायचं का? इंजिन चांगलं चालत असेल, धूर नसेल, तर काढायची गरज नाही. आजूबाजूचे भाग काढले की ब्रश आणि हात जाईल एवढी जागा होते. काढायचंच असेल तर चेन ब्लॉक, भक्कम स्टँड आणि जाणकार मेस्त्री असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आंब्याच्या फांदीला दोर बांधून इंजिन उचलल्याच्या गोष्टी ऐकायला भारी वाटतात, त्याखाली उभं राहायला नाही.

धुणं म्हणजे तपास

पन्नास वर्षांचं तेल, धूळ आणि चिखल यांचा थर म्हणजे पुरावा असतो. तो सरसकट पाण्याच्या झोतानं उडवू नका. आधी बघा, कुठं तेल जास्त साचलंय. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला असेल तर तिथलं गॅस्केट गेलंय. पाण्याच्या पंपाखाली पांढुरके डाग असतील तर पंप गळतोय. गळतीच्या जागा वहीत लिहा. धुतल्यावर त्या सापडणार नाहीत.

नंतर कार्बोरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो यांना पिशव्या बांधा. डीग्रीझर किंवा रॉकेल, जुना टूथब्रश, पत्र्याचा खरवडणा आणि कॉटन वेस्ट. पेट्रोलनं धुवायचा मोह टाळा. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनंही पेट घेते. तेलकट थर निघाला की साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग कडक ऊन.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट लपलेली असते. त्या काळच्या उष्णतारोधक पॅडमध्ये, गॅस्केटमध्ये आणि ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची सुकी धूळ फुप्फुसात गेली तर आयुष्यभराचं दुखणं. असे भाग कोरडे घासायचे नाहीत, हवेनं फुंकायचे नाहीत. ओले करून अलगद काढायचे, पिशवीत बांधायचे. जुन्या रंगातही शिसं असू शकतं. म्हणून वॉटर पेपर आणि पाणी वापरून ओलंच घासा, चांगला मास्क लावा आणि हात धुतल्याशिवाय वडापावला शिवू नका.

गंज कुठून आला?

हा प्रश्न न विचारता रंग मारलात, तर सहा महिन्यांत गंज रंगाला आतून फोड आणतो. बॉनेटखाली गंजाच्या ठरलेल्या जागा असतात, आणि प्रत्येक जागेला कारण असतं.

पहिली जागा बॅटरीखालचा ट्रे. बॅटरी चार्ज होताना त्यातून वायू निघतो आणि त्याबरोबर गंधकाम्लाचे बारीक थेंब बाहेर येतात. वर्षानुवर्षं ते पत्रा खातात. नुसतं घासून उपयोग नाही, आधी आम्ल मारायला हवं. खायचा सोडा पाण्यात कालवून ओता. फसफसेल. फसफसणं थांबेपर्यंत ओतत राहा, मग भरपूर पाण्यानं धुवा.

दुसरी जागा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली. तिथला रंग सालपटासारखा निघालेला दिसतो. साधं ब्रेक ऑइल बहुतेक रंगांना मऊ करून सोडवतं, म्हणून तसं होतं. म्हणजे सिलिंडर गळतोय. तो दुरुस्त न करता तिथं कितीही भारी रंग मारा, पुन्हा तेच होणार. आणि हा प्रश्न नुसत्या रंगाचा उरत नाही, गाडी थांबणार की नाही याचा होतो.

तिसरी जागा काचेखालचा भाग. पावसाचं पाणी तिथून खाली जायला भोकं ठेवलेली असतात. त्यात पानं, माती अडकली की पाणी साचतं. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीची ही भोकं तारेनं मोकळी करून बघा, काय काय निघेल सांगता येत नाही.

आणि चौथी गोष्ट खास आपल्या गावची. २०१९ आणि २०२१ चा महापूर. शुक्रवार पेठ, शाहूपुरी, नागाळा पार्क भागात किती गाड्या पाण्यात गेल्या हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पुराचं पाणी ओसरतं, पण त्यातला गाळ पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांत बसतो. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत तो गाळ ओल धरून ठेवतो. गाडी पुरात होती का, हे घरच्यांना विचारा. असेल तर त्या पोकळ्या पाण्यानं धुवून, हवेनं वाळवून आत गंजरोधक मेण किंवा तेल सोडावं लागतं. रंगाची बंदूक तिथं पोचतच नाही.

आता पत्रा ठोकून बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १८०, मग ३२०. खोलगट खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाचं काळ्या, घट्ट थरात रूपांतर करतं. पण भोक पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. भोकात लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे दुखऱ्या दाताला टूथपेस्ट फासणं. बॅटरीचा ट्रे असेल तर एखाद्या खड्ड्यात दणका बसून बॅटरीच खाली यायची.

किती नवं, किती जुनं?

इथं थोडं थांबा, कारण इथून पुढचे निर्णय परत फिरवता येत नाहीत.

जुन्या वाहनांच्या क्लबांची ‘फिवा’ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं २०१३ मध्ये ‘ट्युरिन सनद’ मंजूर केली. जुन्या इमारतींबद्दल पुरातत्त्ववाले जसा विचार करतात, तसाच विचार तिनं गाड्यांबद्दल मांडला. आहे ते आधी टिकवा, गरज असेल तेवढंच दुरुस्त करा, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. आपल्याकडं उलटं होतं. हौस म्हटलं की सगळं क्रोम, सगळं लाल, नळ्यासुद्धा रंगीत! दिसायला नाद खुळा, पण त्यात आजोबांची गाडी कुठं राहिली?

बॉनेटखालची कंपनीची पाटी, पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर, यांना पॉलिशपेपर लावायचा नाही म्हणजे नाही. आरटीओत कागद पेन्सिलनं घासून नंबरचा ठसा घेतात. अक्षरं घासून बोथट झाली तर गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसाल. काम सुरू करायच्या आधी तुम्हीही तसाच एक ठसा घेऊन ठेवा. मग त्या जागेवर ग्रीस लावून टेप मारा.

मूळ रंग कुठला होता, तेही बॉनेटखालीच सापडतं. पाटीच्या मागं, रबराच्या पट्टीखाली, ऊन कधी न लागलेल्या कोपऱ्यात. तो तुकडा रंगाच्या दुकानात दाखवून जुळवून घ्या. बाहेरून गाडी तीनदा रंगवलेली असली, तरी या कोपऱ्यात शोरूममधून आली त्या दिवशीचा रंग अजून असतो.

आता रंग

ऋतू बघा. जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर नको. थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. उघडा पत्रा तर पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होतो. दसरा ते शिवरात्र हा आपल्याकडं चांगला काळ. दिवाळीची सुट्टी त्यात आलीच.

जुना रंग कुठल्या जातीचा आहे ते आधी तपासा. आपल्याकडं जुने पेंटर गाडीच्या रंगाला अजून ‘ड्युको’ म्हणतात. हे नाव अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीचं, १९२०च्या दशकातलं. तोवर गाडी रंगवायला आणि वाळायला कित्येक दिवस जायचे, या नायट्रोसेल्युलोज रंगानं ते काम तासांवर आणलं. एका चिंधीला थिनर लावून कोपऱ्यात घासा. चिंधीवर रंग विरघळून आला तर जुना रंग या जातीचा असायची शक्यता जास्त. जुन्या इनॅमलवर त्या जातीचा थिनरवाला रंग मारला, तर खालचा थर सुरकुततो. म्हणून आधी छोट्या जागेवर करून बघायचं.

उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर सगळ्यात भरवशाचा. तो धातूला घट्ट धरतो आणि ओल आत जाऊ देत नाही. पत्रा घासला की त्याच दिवशी प्रायमर मारा. त्याआधी ग्रीस काढणाऱ्या द्रावणानं पुसा आणि मग उघड्या हातानं शिवू नका. बोटाचा तेलकट ठसासुद्धा पुढं रंगातून वर येतो. प्रायमर वाळला की ४०० नंबरनं हलकं घासायचं, मग रंग. बंदूक सहा ते आठ इंच अंतरावर, हात एकसारखा चालता. एक जाड थर मारण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. घाई केली की रंग ओघळतो.

आता महत्त्वाचं. हार्डनर घालून मारायच्या ‘टू-के’ रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढं थोड्याशा वासानंही त्रास होतो. कापडी मास्क किंवा कोविडमधला उरलेला मास्क त्याला अडवत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क आणि बंद बूथ लागतो. घरच्या अंगणात तो रंग मारायचा नाही. तेवढं काम चांगल्या पेंटरच्या बूथमध्ये द्या, नाहीतर हार्डनर न लागणारं साधं इनॅमल वापरा. बॉनेटखाली त्यानंही काम छान होतं.

इंजिनचा ब्लॉक वेगळा. तो शंभर अंशांच्या आसपास तापतो, म्हणून उष्णता सोसणारं इंजिन इनॅमल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून वेगळा, तो कित्येक शे अंशांना जातो. तिथं साधा रंग पहिल्याच फेरीत जळून वास मारणार. त्याला खास उष्णतारोधक रंग लागतो, आणि तोही टप्प्याटप्प्यानं तापवून पक्का करावा लागतो. डब्यावर लिहिलेलं वाचा, तो कागद शोभेचा नसतो.

जिथं रंग नको, तिथं नको

सगळं चकाचक झालं, बॅटरी जोडली, चावी फिरवली आणि नुसतं ‘टक्’! रंगकामानंतर हे बऱ्याच गॅरेजांत घडतं. कारण साधं आहे. रंगातून वीज जात नाही. बॅटरीची अर्थ वायर बॉडीला जिथं जोडते आणि इंजिनची अर्थ पट्टी जिथं बसते, तिथला रंग पूर्ण खरवडून चकचकीत पत्रा दिसायला हवा. वायर घट्ट आवळायची आणि वरून थोडी व्हॅसलीन लावायची, म्हणजे गंज चढत नाही.

रबराला रंग नको, तो तडकतो आणि रबराच्या भेगा झाकतो. गॅस्केट बसते त्या सपाट जागांना नको. रेडिएटरच्या जाळीवर जाड थर नको, तिथून उष्णता बाहेर जायची असते. काळ्या मॅट रंगाचा पातळ हात पुरे. नट-बोल्टना रंग मारण्यापेक्षा झिंक प्लेटिंग करून घ्या. पान्हा लावला की रंग उडतोच.

नळ्या बदला, कारण पेट्रोल बदललंय

जोडणी करताना पेट्रोलच्या रबरी नळ्या न विसरता नव्या घाला. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७०च्या दशकातल्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉलनं ते फुगतं, मऊ पडतं, तडकतं. पेट्रोल थेंब थेंब गळतं, आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो. गंमत बघा, आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसापासून निघालेलं इथेनॉल आपल्याच आजोबांच्या गाडीची नळी खातंय! म्हणून ई-२० ला चालतील अशाच नळ्या मागून घ्या. कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपातली रबरं, डायफ्रॅमही त्याच हिशेबानं.

पहिल्यांदा चालू करताना गाडी उघड्यावर हवी, अग्निशामक सिलिंडर हाताशी हवा आणि एक जण नुसता गळती बघायला उभा हवा. दोन मिनिटं चालवा, बंद करा, सगळे जोड हातानं चाचपा. नवा रंग आता कामाला येतो. स्वच्छ पत्र्यावर एक थेंब पडला तरी लगेच दिसतो. बॉनेटखाली रंग मारायचं सगळ्यात खरं कारण हेच. पुढची वीस वर्षं ही जागा तुमच्याशी खोटं बोलणार नाही.

युट्यूब बघा, पण उद्यमनगरात जा

व्हिडिओ जरूर बघा. पण त्यातला माणूस तुमच्या पत्र्यावर टकटक करून ‘हा गेलाय’ असं सांगू शकत नाही. ते सांगणारी माणसं आपल्या गावात आहेत. कोल्हापूरचा इंजिनीअरिंगचा धंदा उभा राहिला तोच गुऱ्हाळाची आणि पाण्याच्या पंपांची इंजिनं दुरुस्त करता करता. शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवार नगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव. शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ या छोट्या गाडीचा पहिला नमुना तयार केला होता. ती कारखान्यात कधी मोठ्या संख्येनं बनली नाही, पण गाडी घरच्या घरी उभी करायची हिंमत या मातीत होती, हे तिनं दाखवलं.

आजही उद्यमनगरच्या गल्ल्यांत लेथ, बोअरिंग, वेल्डिंग, प्लेटिंग, ओतकाम हाकेच्या अंतरावर मिळतं. बाजारात न मिळणारा बुश तुमचा जुना बघून करून देणारा माणूस सापडतो. कार्बोरेटरचा आवाज ऐकून मिश्रण जमवणारे मेस्त्री अजून आहेत, पण आता साठी-सत्तरीचे. त्यांच्या हाताखाली शिकणारं पोर दिसत नाही. आताच्या गाडीत लॅपटॉप जोडला की दोष पडद्यावर येतो, त्यामुळं कान लावून ऐकायची विद्या कुणाला लागत नाही. ती कुठल्या पुस्तकातही नाही. मेस्त्री थांबले की ती संपली.

म्हणून जाताना मोबाईल घेऊन जा, पण वहीही घेऊन जा. ‘मेस्त्री, हे असं का?’ असं विचारा. आधी चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, चहा सांगावा लागेल, पान्हा पुसून जागेवर ठेवावा लागेल. मग सांगायला लागले की थांबणार नाहीत. मेकॅनिकलवाल्यांना यातून प्रोजेक्ट मिळेल, केमिस्ट्रीवाल्यांना गंज आणि आम्ल डोळ्यांसमोर दिसेल, कॉमर्सवाल्यांनी खर्चाची वही सांभाळावी. कारण ती सांभाळली नाही तर घरचे पुढच्या वेळी हात लावू देणार नाहीत!

काम संपलं की एक करा. काढलेले फोटो, नंबरचा ठसा, कुठं नवा पत्रा घातला, कुठला रंग वापरला, कुणाकडून काय करून घेतलं, सगळं एका फाईलमध्ये लावा आणि ती फाईल गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. तुमच्यानंतर बॉनेट उघडणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल. आणि या रविवारी वेळ असेल, तर ताडपत्री बाजूला करा, बॉनेट वर करा आणि फक्त फोटो काढा. पान्हा पुढच्या रविवारी.